उन्हात धाप लागणाऱ्या विनाशिका: टाइप ४५ च्या वीजपुरवठ्याचं प्रकरण

जहाजावर काही महिने काढलेल्या माणसाला गाढ झोपेतून काय उठवतं, तर शांतता. हवा खेळवणारे पंखे थांबतात, पायाखालची थरथर विरून जाते आणि बंकवर पडल्या पडल्या कळतं, वीज गेली. मग आपत्कालीन दिवे, मग अलार्म, मग इंजिनरूमकडे धावणारे बूट. व्यापारी जहाजावर अशा वेळी खालून शिव्या ऐकू येतात आणि नशीब बरं असेल तर थोड्या वेळात एखादा जनरेटर उठतो. युद्धनौकेवर तेवढ्या वेळात रडार आंधळं झालेलं असतं, सुकाणूला जोर उरलेला नसतो आणि ज्या ताफ्याचं रक्षण करायला ती आलेली असते, तोच ताफा तिची काळजी करायला लागतो.

ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ वर्गातल्या विनाशिकांवर ही वेळ एकदा नाही, पुन्हा पुन्हा आली. प्रकरण बरंच गाजलं, संसदीय समितीपुढे गेलं, त्यामुळे त्यातला मोठा भाग उघड नोंदींत सापडतो. इथे जहाजांची नावं खरी आहेत, माणसांची मुद्दाम घेतलेली नाहीत. कोण चुकलं हे शोधण्यापेक्षा कुठल्या वळणावर काय ठरलं, ते पाहण्यात मला जास्त रस आहे.

पार्श्वभूमी

हवाई हल्ल्यापासून ताफा वाचवण्याचं काम ब्रिटनमध्ये टाइप ४२ वर्गाच्या विनाशिका करत होत्या. एकूण चौदा बांधल्या गेल्या. त्यांतल्या शेफील्ड आणि कोव्हेंट्री १९८२ च्या फॉकलंड युद्धात गेल्या, उरल्या बारा. त्यांची जागा घेणारा नवा वर्ग आणायचे दोन प्रयत्न फसले. आधी अनेक नाटो देशांनी मिळून एकच फ्रिगेट बांधायचा बेत होता, त्यातून ब्रिटन बाहेर पडलं. मग फ्रान्स आणि इटलीसोबतचा होरायझन प्रकल्प, एप्रिल १९९९ मध्ये त्यालाही रामराम. क्षेपणास्त्र यंत्रणा तेवढी तिघांची सामायिक राहिली.

तोवर टाइप ४२ म्हाताऱ्या झाल्या होत्या. एप्रिल १९९९ मध्ये जुना प्रकल्प सोडला आणि डिसेंबर २००० मध्ये पहिल्या तीन नव्या विनाशिकांचं कंत्राट दिलं गेलं. मधे वीस महिने. नव्या वर्गाचे बरेचसे मोठे निर्णय या वीस महिन्यांच्या घाईत पक्के झाले आणि त्यांतलाच एक पुढे महागात पडला.

जहाज म्हणून टाइप ४५ देखणी आहे. लांबी सुमारे १५२ मीटर, वजन आठ हजार टनांच्या घरात. उंच मास्टच्या टोकावर फिरणारा सॅम्पसन रडारचा गोळा दुरूनही ओळखू येतो. ४८ उभ्या नळ्यांत ॲस्टर क्षेपणास्त्रं. हे सगळं मिळून सी व्हायपर यंत्रणा. या भागाबद्दल पुढे फारसं बोलणार नाही, कारण तिथे दुखणं नव्हतंच.

संख्येची गोष्ट मात्र सांगायला हवी. बारा जुन्यांच्या जागी बारा नव्या, असा मूळ हिशेब. २००४ मध्ये बाराच्या आठ झाल्या, २००८ मध्ये आठाच्या सहा. डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन. पहिली जुलै २००९ मध्ये सेवेत आली, शेवटची सप्टेंबर २०१३ मध्ये. २००९ च्या सरकारी लेखापरीक्षणानुसार खर्च ५ अब्ज पौंडांवरून ६.४६ अब्जांवर गेला होता आणि कार्यक्रम दोन वर्षांहून जास्त मागे पडला होता. म्हणजे जहाजामागे अब्जाच्या वर. सहाच जहाजं असली की एक बंद पडणं म्हणजे ताफ्याचा सहावा भाग बंद पडणं, हे गणित पुढे सारखं आड येत राहतं.

आता यंत्राकडे. जुन्या पद्धतीच्या युद्धनौकेत गॅस टर्बाइन गिअरबॉक्समधून थेट जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा फिरवतं आणि दिवे, रडार, वातानुकूलन यांच्यासाठी वेगळे जनरेटर असतात. टाइप ४५ मध्ये ही विभागणी मोडीत काढली. सगळी इंजिनं फक्त वीज बनवतात. ती वीज एका सामायिक जाळ्यात येते आणि तिथून पंखा फिरवणाऱ्या मोटरींपासून भटारखान्यातल्या शेगडीपर्यंत सगळ्यांना मिळते. २१.५ मेगावॉटची दोन टर्बाइन, जोडीला प्रत्येकी २ मेगावॉटची दोन डिझेल, आणि दांड्यांवर प्रत्येकी २० मेगावॉटच्या दोन मोटरी. कल्पना उत्तम आहे. क्रूझ जहाजं कधीपासून अशीच चालतात. एकाच जाळ्यावर सगळं असल्यामुळे वीज हवी तिकडे वळवता येते. पण त्याच कारणाने जाळं कोसळलं की वेग आणि डोळे एकदमच जातात.

टर्बाइन कोणतं, हा खरा प्रश्न

गॅस टर्बाइनची जुनी खोड अशी, की पूर्ण वेगात ते इंधनाला न्याय देतं आणि अर्ध्या भारावर नुसतं पितं. युद्धनौका आयुष्यातला बहुतेक वेळ संथ गस्त घालते, त्यामुळे ही खोड नौदलांना कायम नडते. डब्ल्यूआर-२१ हे इंजिन नेमक्या याच दुखण्यावर काढलेला उतारा होता. १९९१ मध्ये अमेरिकी नौदलाने त्याचं काम सुरू करवलं. गाभा रोल्स-रॉइसचा, विमानाच्या इंजिनांवरून घेतलेला. त्याभोवतीची उष्णता खेळवणारी यंत्रणा अमेरिकी कंपनीची. ब्रिटन आणि फ्रान्सनेही पैसे घातले.

त्यात दोन भर घातलेल्या होत्या. हवा दोन टप्प्यांत दाबली जाते, आणि पहिल्या टप्प्यात ती तापते. तापलेली हवा आणखी दाबायला जास्त ताकद लागते, म्हणून मधेच तिला गार करायचं. गारवा शेवटी समुद्राच्या पाण्याकडूनच येतो. हा झाला इंटरकूलर. दुसरी भर म्हणजे रिक्युपरेटर. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता अडवून तिने दाबलेली हवा जळण्याआधीच तापवायची, म्हणजे तेवढं इंधन वाचलं. शिवाय धूर थंड झाल्यामुळे उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला जहाज कमी दिसतं. कागदावर हे इंजिन इतकं चांगलं होतं की अभियंता म्हणून मला आजही त्याचा मोह पडतो.

समोर दुसरा पर्याय होता तो जनरल इलेक्ट्रिकच्या एलएम २५०० चा. साधं, जुनं, जास्त इंधन खाणारं, पण जगातल्या कितीतरी नौदलांनी घासून पुसून वापरलेलं. त्याचे दोष सगळ्यांना ठाऊक, सुटे भाग कुठेही मिळणारे. अमेरिकेने स्वतः डब्ल्यूआर-२१ वर पैसे घालूनही आपल्या विनाशिकांसाठी एलएम २५०० च ठेवलं. होरायझनच्या फ्रेंच आणि इटालियन जहाजांवरही तेच बसलं.

२००० च्या अखेरीस ब्रिटनने डब्ल्यूआर-२१ निवडलं. इंधनाची बचत हे एक कारण. देशी उद्योगाला काम मिळेल आणि पुढे इतर नौदलं हे इंजिन घेतील, ही आशा दुसरं. ती आशा फळली नाही. टाइप ४५ सोडून हे टर्बाइन कोणत्याही लढाऊ जहाजावर बसलं नाही.

याचा अर्थ पुष्कळ लोक विसरतात. एखादं इंजिन शंभर जहाजांवर असेल तर त्याचा बारीक दोष तुमच्याआधी कुणाला तरी भोवलेला असतो आणि उपायही सापडलेला असतो. सगळ्या जगात मिळून बाराच इंजिनं समुद्रावर असतील, तर प्रत्येक दोष तुम्हालाच पहिल्यांदा भेटणार.

आणि मग डिझेल. मला विचाराल तर टर्बाइनच्या निवडीपेक्षा हा निर्णय जास्त बोलका आहे, आणि त्यावर चर्चा कमी होते. दोन्ही डिझेल मिळून ४ मेगावॉट. बंदरातला खर्च, संथ चाल, यासाठी ठीक. पण ती दोन्ही मिळून एका टर्बाइनचा पाचवा हिस्साही भरत नव्हती. टर्बाइन इतकं काटकसरी असताना मोठ्या डिझेलांची गरज काय, असा हा तर्क. इंजिन चांगलं आहे हे गृहीत धरून त्याच्या मागची उशी पातळ केली.

अडचण

नोव्हेंबर २०१० मध्ये डेअरिंग अटलांटिकच्या मध्यावर चालेनाशी झाली आणि दुरुस्तीसाठी कॅनडात न्यावी लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डॉन्टलेसला सराव अर्धा टाकून पोर्ट्समथला परतावं लागलं. याशिवायही वीज जाण्याचे प्रसंग होत राहिले. आखातातल्या तैनातीत त्रास जास्त, पण अटलांटिक काही आखातात नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं. उन्हामुळे दोष ठळक झाला. निव्वळ ऊन हेच कारण असतं तर काम सोपं होतं.

आत काय घडत होतं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

उन्हाळ्यात आखाताचं पाणी अंगावर घेतलं तर कोमट लागतं, तीस अंशांच्या वर सहज जातं. हवा तापलेली आणि म्हणून विरळ. टर्बाइन कोणतंही असो, अशा हवेत त्याची ताकद घटते. डब्ल्यूआर-२१ मध्ये त्यात इंटरकूलरची भर. त्याला गार पाणी हवं आणि तेच मिळत नाही. हवा पुरेशी थंड होत नाही, टर्बाइनला धाप लागते. दुसरीकडे त्याच उन्हामुळे वातानुकूलनावरचा भार वाढलेला असतो. म्हणजे वीज जास्त हवी त्याच घडीला ती कमी बनते.

आता समजा खर्च वाचवायला एकच टर्बाइन चालू आहे आणि त्याने मान टाकली. एका क्षणात साऱ्या जहाजाचा भार त्या दोन लहान डिझेलांवर येतो. त्यांच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट. विजेची फ्रिक्वेन्सी खाली घसरते, संरक्षक रिले, म्हणजे धोका दिसताच यंत्र जाळ्यापासून तोडणारी उपकरणं, आपलं काम चोख करतात आणि डिझेलही ट्रिप होतात, आपोआप बंद पडतात. रिलेचा यात दोष नाही. ते नसते तर मशीन जळालं असतं. पण एकामागून एक सगळे बाजूला झाले की उरतो अंधार.

याशिवाय तिसरी एक बारीक गोष्ट होती, जी माझ्यासारख्या इलेक्ट्रिकलवाल्याच्या मनातून जात नाही. मोटरींना हवी तशी वीज पुरवून त्यांचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या कपाटांना थंड ठेवणारी यंत्रणा होती. दमट, गरम हवेत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम सुटतो ना, तसंच त्या कपाटांत आतून पाणी सुटत होतं. हजारो व्होल्टच्या शेजारी पाण्याचे थेंब. जहाज बांधणाऱ्यांच्या बाजूनेच संसदीय समितीपुढे हे सांगितलं गेलं.

समितीची सुनावणी २०१६ च्या जूनमध्ये झाली. इंजिनवाल्यांचा सूर असा की मूळ मागणीपत्रात धरली होती त्यापेक्षा कितीतरी खडतर परिस्थितीत ही जहाजं चालवली जात आहेत. समितीने नोव्हेंबरच्या अहवालात मंत्रालयाला धारेवर धरलं. आखातासारख्या तप्त पाण्यात पूर्ण क्षमतेने, दीर्घकाळ चालण्याची अट मागणीपत्रात नसावी याचं तिला आश्चर्य वाटलं. त्याच उन्हाळ्यात सहाच्या सहा विनाशिका एकाच वेळी पोर्ट्समथला धक्क्याला उभ्या असल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं, पण सहा जहाजं रांगेने बांधलेली दिसल्यावर लोकांना कारणांशी देणंघेणं नव्हतं.

मागणीपत्रातल्या अटीवरून दोन्ही बाजू भांडल्या. मला ते भांडण अर्धवट वाटतं. अमुक तापमानाला यंत्र चालावं, असं लिहिणं सोपं असतं. त्या तापमानापलीकडे ते कसं थकावं, हे कुणी लिहित नाही. गरम हवेत प्रत्येक यंत्र थोडं मागे पडतं, त्यात गैर काही नाही. ते पायरी पायरीने उतरलं तर माणसं वेग कमी करतील, अनावश्यक भार काढतील, दुसरं इंजिन उठवतील. इथे पायऱ्याच नव्हत्या. ठीकठाक चालू असलेलं जहाज थेट काळोखात जायचं.

विचारात घेण्यासारखे मार्ग

यंत्रं बसली, जहाजं समुद्रावर गेली, मग काय करायचं? बाहेरून बघणाऱ्याला चार वाटा दिसतात.

टर्बाइनच बदलायचं. ऐकायला रास्त. पण या जहाजाचं पोट, हवा आत घेणारे आणि धूर बाहेर नेणारे मोठे मार्ग, सगळं या इंजिनाच्या मापाने बेतलेलं. ते काढणं म्हणजे जहाज जवळजवळ नव्याने बांधणं.

दुसरी वाट, आहे त्याच यंत्राला सुधारायचं. नियंत्रणाचं सॉफ्टवेअर, कूलर, ड्राइव्ह, एकेक दोष धरून घालवायचा. स्वस्त, आणि जहाज फार दिवस अडकत नाही. पण यातून विश्वासार्हता वाढते, उशी जाड होत नाही.

तिसरी, तप्त समुद्रावर जपून वापरायचं. दोन्ही टर्बाइन सतत चालू ठेवायची, म्हणजे एक गेलं तरी दुसरं सावरेल. चालक दल तात्पुरता असाच काहीसा मार्ग काढतं. मात्र मग इंधन वाचवण्यासाठी घेतलेलं इंजिन आपलं मूळ कामच करत नाही.

चौथी, डिझेल वाढवायची. टर्बाइनला हात न लावता त्याच्यावरचं अवलंबन कमी करायचं. जागा कमी, खर्च मोठा, हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं कवच, कापावा लागणार. तरी हीच वाट दुखण्याच्या मुळाशी जात होती.

काय केलं

२०१४ मध्ये प्रोजेक्ट नेपिअर नावाने काम हाती घेतलं गेलं आणि त्याचे दोन भाग पाडले. एकात दुसरी वाट, म्हणजे असलेल्या सामग्रीतले दोष दूर करून यंत्रणा मूळ अपेक्षेपर्यंत आणायची. दुसऱ्यात चौथी वाट. हा दोन फाट्यांचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. मोठ्या कामाला वर्षं लागणार हे ठाऊक असताना तोवर जहाजं समुद्रावर ठेवायला लहान काम लगेच सुरू करायलाच हवं होतं.

मोठ्या कामाचं कंत्राट मार्च २०१८ मध्ये झालं, सुमारे १६० दशलक्ष पौंडांचं. जुनी दोन डिझेल काढायची आणि त्यांच्या जागी एमटीयू या जर्मन कंपनीची प्रत्येकी ३ मेगावॉटची तीन बसवायची. ४ मेगावॉटचे ९ झाले. टर्बाइनच्या तुलनेत हिशेब पाचव्या हिश्शाखालून चाळीस टक्क्यांच्या वर गेला. एवढ्या बळावर संथ चाल फक्त डिझेलवर भागते, आणि एखादं टर्बाइन अचानक गेलं तरी जहाजाचे दिवे, रडार आणि सुकाणू टिकण्याची आशा राहते.

सांगायला दोन वाक्यं. करायला गेलं तर असं, की बांधून पूर्ण झालेल्या युद्धनौकेच्या कुशीत भोक पाडायचं. तिथून जुनी यंत्रं ओढून काढायची, नवी आत सरकवायची, पाइप आणि केबल नव्याने वळवायच्या, स्विचबोर्ड बदलायचे आणि मग भोक असं बुजवायचं की तिथून पाणी तर सोडाच, शंकाही आत येऊ नये. जहाज बांधताना इंजिन आधी बसतं आणि वरचे डेक नंतर चढतात. इथे सगळा क्रम उलटा. ज्याने कधी घराचा नळ भिंत फोडून बदलला असेल त्याला थोडी कल्पना येईल.

पहिला मान डॉन्टलेसला. मे २०२० मध्ये ती बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत गेली आणि जून २०२२ मध्ये चाचण्यांसाठी समुद्रावर निघाली. दोन वर्षांहून जास्त. पहिल्या जहाजावर वेळ जातोच, त्यात कोरोनाचा काळ. दुसरी डेअरिंग, सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच गोदीत. पुढच्या जहाजांचं काम पोर्ट्समथला वळवलं.

दरम्यान बाकीच्यांनी गाडा ओढला. विमानवाहू ताफ्यासोबत निघालेली डायमंड जुलै २०२१ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे भूमध्य समुद्रातच मागे राहिली. ताफ्यात दोनच टाइप ४५ होत्या, त्यांतली एक गेली.

निष्पत्ती

डॉन्टलेसचा निकाल चांगला म्हणावा असा आहे. २०२३ मध्ये ती कॅरिबियनमध्ये गेली आणि २०२५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स या विमानवाहू नौकेच्या ताफ्यासोबत हिंद-प्रशांत मोहिमेवर. उन्हाचे दोन्ही समुद्र.

शस्त्रांनी आपली बाजू सिद्ध केली ती लाल समुद्रात. डिसेंबर २०२३ मध्ये डायमंडने सी व्हायपरने एक ड्रोन पाडला. १९९१ च्या आखाती युद्धानंतर ब्रिटिश नौदलाने हवेतलं लक्ष्य पाडल्याची ही पहिली वेळ. जानेवारीत एका रात्रीत सात, आणि एप्रिल २०२४ मध्ये एक बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. म्हणजे ज्यासाठी हे जहाज बांधलं होतं ते काम ते अव्वल करतं. वर्षानुवर्षं चर्चा मात्र जनरेटरची झाली.

पैशांइतकीच मोठी किंमत दिवसांची मोजावी लागली. २०१० ते २०१४ ही चार वर्षं प्रसंग घडत असताना गेली, कंत्राटाला आणखी चार, पहिल्या जहाजाला आणखी चार. सहाव्याचं काम २०२८ पर्यंत, असा सरकारी अंदाज.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात चाचणीपासून. डब्ल्यूआर-२१ जमिनीवर चालवून पाहिलं नव्हतं असं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये पायस्टॉक आणि फ्रान्समध्ये आंद्रे इथे ते फिरलं. इंग्लंडमधल्याच व्हेटस्टोनला विद्युत चालनाची जमिनीवरची मांडणीही होती. पण ती एका दांड्याची होती. खरं जहाज म्हणजे दोन दांडे, दोन टर्बाइन, दोन डिझेल आणि त्या सगळ्यांच्या संरक्षक यंत्रणा एकमेकांशी बोलत असलेल्या. आपण पाहिलेला अंधार या बोलण्यातून उपजत होता. एकट्या इंजिनाला तापवून तो सापडला नसता. दोन जनरेटर जोडून, कोमट पाणी सोडून आणि मुद्दाम एकाचं नरडं दाबून पाहायला हवं होतं. त्या वीस महिन्यांत ते बसत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण पहिलं जहाज २००६ मध्ये पाण्यात उतरलं आणि २००९ मध्ये सेवेत आलं. मधल्या तीन वर्षांत बसलं असतं.

दुसरं वळण, डिझेलचं माप. नवं, जगात कुठेही न रुळलेलं इंजिन घ्यायचं ठरल्यावर त्याच्या मागची उशी नेहमीपेक्षा जाड हवी होती. नेमकं उलट झालं. ३ मेगावॉटची तीन डिझेल बांधतानाच बसवली असती, तर थोडं वजन आणि थोडा खर्च वाढला असता. पुढच्या ब्रिटिश जहाजांवर हे उमगलेलं दिसतं. क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या विमानवाहू नौकांवर दोन टर्बाइनसोबत चार मोठी डिझेल आहेत. टाइप २६ फ्रिगेटवर तर एकाच टर्बाइनला चार डिझेलांची सोबत आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात टाळता येण्यासारखं. २०१० ते २०१४. प्रत्येक वेळी बिघाड झाला, दुरुस्त केला, जहाज पुढे निघालं. प्रत्येक अहवालात कारण निराळं असणार, कधी कूलर, कधी ड्राइव्ह, कधी सॉफ्टवेअर. इंजिनरूममध्ये काम करणाऱ्या माणसाची ही स्वाभाविक सवय आहे, मीही तेच करतो. समोरचा दोष काढा, वही बंद करा. पण सहा जहाजांच्या सहा वह्या शेजारी शेजारी ठेवून कुणी विचारलं असतं, की कारण कोणतंही असो, शेवट प्रत्येक वेळी काळोखातच का होतो, तर दोष सुट्या भागात नसून जाळ्याच्या रचनेत आहे हे लवकर दिसलं असतं.

चौथी गोष्ट वेळापत्रकाची. हलला भोक पाडलेलं असतानाच बाकीचं मोठं काम उरकलं तर जहाज एकदाच गोदीत जातं. २०२१ मध्ये या वर्गासाठी आणखी २४ क्षेपणास्त्रं बसवायचं, सी सेप्टर या क्षेपणास्त्र यंत्रणेचं काम जाहीर झालं, तेव्हा डॉन्टलेस आधीच उघडून ठेवलेली होती. त्यामुळे काही जहाजांना दोनदा रांगेत उभं राहावं लागणार आहे. याला दोष म्हणावं की दोन वेगवेगळ्या खात्यांच्या पैशांचं दुर्दैव, हे मला ठरवता आलेलं नाही.

आणि डेअरिंग? वर्गातली पहिली. २०१७ मध्ये ती सक्रिय ताफ्यातून बाजूला झाली. नवी तीन डिझेल पोटात घेऊन जानेवारी २०२३ मध्ये पोर्ट्समथला परतली, पण परतली ती दुसऱ्या जहाजांनी ओढून आणलेली, आणि धक्क्याला लागल्यावर उरलेल्या दुरुस्तीची नवी यादी तिची वाट पाहत होती.